मोलोकाईच्या हद्दपारांचे धर्मगुरू संत दामियन

ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तिकेत आपल्या ख्रिस्तमंदिराची हकिकत, येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची नामावली आणि मदत करणाऱ्यांची यादी वाचकांस अन्यत्र मिळेलच. आम्ही या पानांत एका निराळ्याच धर्मग्रामाची व त्याच्या धर्मगुरूंची कथा सांगण्याचे योजिले आहे. त्या धर्मग्रामातील बहुतेक माणसे तेथे आपखुशीने आलेली नव्हती. सरकारी हुकुमाने त्यांस घरातून उचलून, जहाजात घालून, एका बेटाच्या काठावर आणून सोडिले होते. जिवंतपणी परत जाण्याची आशा त्यांस नव्हती. अशा ठिकाणी एक धडधाकट मनुष्य आपण होऊन गेला, सोळा वर्षे राहिला आणि त्यांच्याच रोगाने त्यांच्यातच मरण पावला. संत दामियन हे नाव आपल्या घरोघरी ठाऊक आहे. कित्येकांनी ते आपल्या मुलांस ठेविलेही असेल. परंतु त्या नावामागचे बेट व तेथील लोक यांची माहिती थोड्यांस असते, आणि ती असल्यावाचून या धर्मगुरूंनी नेमके काय केले हे नीट उमगत नाही, असे आम्हास वाटते.

तेव्हा प्रथम त्या बेटाकडे वळू. पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई नावाचा द्वीपसमूह आहे. त्यात मोलोकाई हे पूर्वपश्चिम पसरलेले, लांबट व अरुंद असे एक बेट. त्याची उत्तरेची बाजू म्हणजे समुद्रातून सरळ उभी राहिलेली कड्यांची भिंत होय. कोठे दोन हजार, तर कोठे तीन हजार फुटांवर तिची उंची जाते. या भिंतीच्या पायथ्याशी, पूर्वी कधी एका लहान ज्वालामुखीच्या रसाने बनलेली, जिभेसारखी सपाट जमीन समुद्रात शिरली आहे. तिच्या पश्चिम किनाऱ्यास कलाउपापा व पूर्व किनाऱ्यास कलावाओ अशा दोन वस्त्या झाल्या. तीन बाजूंस खवळलेले पाणी आणि चौथ्या बाजूस कडा. आपल्या मुलखातील माणसास गडांचे कडे चांगले परिचयाचे आहेत. शत्रूने आत येऊ नये म्हणून ते कामी येत. येथे आतल्या माणसाने बाहेर जाऊ नये एवढ्यासाठीच ही जागा निवडिली होती.

कड्यावरून खाली उतरणाऱ्या पायवाटेस सव्वीस वळणे आहेत. पुढील काळात यात्रेकरू या वाटेने पायी अथवा खेचरावर बसून उतरत, नाहीतर लहानशा विमानाने येत. त्यासाठी आधी परवाना काढावा लागे, आणि सोळा वर्षांखालील मुलांस प्रवेश नसे. १९८० साली अमेरिकन सरकारने हा सारा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून राखून ठेविला. कलावाओस पोहोचलेल्या यात्रेकरूस दिसते ते एक ख्रिस्तमंदिर, त्याशेजारचे एक थडगे आणि भोवतालची मोकळी हिरवळ. या हिरवळीखाली हजारो माणसे पुरलेली आहेत. त्यांतील बहुतेकांच्या डोक्याशी नावाचा दगडही उरलेला नाही.

ती माणसे तेथे कशी आली, ते आता सांगतो. एकोणिसाव्या शतकात परदेशी जहाजांबरोबर हवाई बेटांत अनेक रोग शिरले व मूळचे हवाईयन लोक झपाट्याने कमी होऊ लागले. त्यातच महारोगाची, म्हणजे आपल्याकडे ज्यास कोणी रक्तपिती म्हणत त्या रोगाची, भर पडली. औषध कोणासही ठाऊक नव्हते. तेव्हा राजा पाचवा कामेहामेहा याने ३ जानेवारी १८६५ रोजी एक कायदा मंजूर केला. त्यान्वये ज्याच्या अंगावर या रोगाची चिन्हे दिसतील त्यास पकडून तपासावे, आणि रोग ठरल्यास सर्वांपासून कायमचे अलग ठेवावे, असे ठरले. ६ जानेवारी १८६६ रोजी, म्हणजे ज्या दिवशी आपण तीन राजांचा सण पाळतो त्याच दिवशी, नऊ पुरुष व तीन स्त्रिया अशी पहिली तुकडी कलावाओच्या वस्तीसाठी या किनाऱ्यावर उतरविण्यात आली. सरकारची अशी समजूत होती की, ही माणसे शेती करून आपले पोट आपण भरतील. हातापायांची बोटे झडत चाललेल्या माणसांनी नांगर धरावा, ही अपेक्षा कागदावर लिहिणाऱ्यास विचित्र कशी वाटली नाही, कोण जाणे!

हवाईयन लोकांनी या रोगास एक नाव दिले होते. त्याचा अर्थ कुटुंब तोडणारा रोग असा होतो. वैद्यांच्या पुस्तकांतील कोणत्याही नावापेक्षा आम्हास हे नाव अधिक खरे वाटते. आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको अशी ताटातूट तेथे नित्याची झाली. काही जिवलग मात्र स्वतः निरोगी असून रोग्याबरोबर त्या किनाऱ्यावर गेले आणि शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा करीत राहिले. त्यांस हवाईयन भाषेत कोकुआ, म्हणजे मदतनीस, म्हणत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवितो. फादर दामियन यांची चरित्रे लिहिताना, त्यांच्या आगमनापूर्वी कलावाओ म्हणजे केवळ दारू, जुगार व अनाचार यांचे आगर होते, असे रंगविण्याची चाल पडली आहे. दुःखाने वेडी झालेली माणसे तेथे होती व दुर्वर्तनही होते, हे खरे. परंतु १८६६ सालीच तेथील काही प्रॉटेस्टंट रोग्यांनी एकत्र येऊन सिलोआमा नावाची मंडळी स्थापिली होती आणि आपल्यासाठी प्रार्थनामंदिरही उभारिले होते. कॅथलिक रोग्यांसाठीही १८७२ साली संत फिलोमिनेचे एक लहानसे मंदिर उभे राहिले. उणीव होती ती तेथे राहणाऱ्या धर्मगुरूची. संतांचा मोठेपणा वाढविण्यासाठी इतरांस काळे फासण्याची गरज नसते.

फादर दामियन यांचे मूळचे नाव जोसेफ दे व्यूस्टर. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जम देशातील त्रेमेलो नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वरील कायदा मंजूर झाला त्या दिवशी त्यांस बरोबर पंचवीस वर्षे पूर्ण झाली होती. अर्थात त्याची त्यांस काहीच कल्पना नव्हती. बाप धान्याचा व्यापार करी. आई अत्यंत भाविक असून मुलांस संतांच्या गोष्टी वाचून दाखवी. घरातील दोन मुली जोगिणी झाल्या व ऑगस्त नावाचा मुलगा येशू व मारिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात जाऊन फादर पांफिल झाला. जोसेफाच्या अंगी बळ भरपूर होते; त्याने व्यापार सांभाळावा, असा बापाचा मानस होता. परंतु भावामागोमाग तोही १८५९ साली लुव्हेन येथे त्याच संघात दाखल झाला. शिक्षण अपुरे म्हणून प्रथम त्यास साधा ब्रदर म्हणून घेतले. पुढे भावाने त्यास लॅटिन शिकविले, आणि त्याची प्रगती पाहून वरिष्ठांनी धर्मगुरुपदाची वाट मोकळी केली. संघात त्याने दामियन हे नाव घेतले. संत दामियन हे प्राचीन काळचे एक वैद्य होते, हे वाचकांस ठाऊक असेलच.

७ ऑक्टोबर १८६० रोजी पॅरिस येथे त्यांनी व्रते घेतली. त्या संघाच्या रिवाजाप्रमाणे व्रत घेणारा वेदीपुढे पालथा पडतो व त्याच्यावर प्रेतावर घालावयाचे काळे वस्त्र पसरितात. जगास तो मेला, असा त्याचा अर्थ. अनेकांच्या बाबतीत हा विधी त्या दिवसापुरताच राहतो. दामियन यांस मात्र या काळ्या वस्त्राची आठवण पुढे जन्मभर राहिली, व मोलोकाईस जाताना ती आपल्या मनात होती, असे त्यांनी पत्रात लिहून ठेविले आहे.

हवाई बेटांस जाण्याची पाळी खरे पाहता थोरल्या भावाची होती. फादर पांफिल यांचे जाणे ठरलेही होते. इतक्यात रोग्यांची सेवा करिताना त्यांस विषमज्वरासारखा टायफस ताप आला. धाकट्याने वरिष्ठांस न विचारता परस्पर पॅरिसला संघाच्या प्रमुखांकडे पत्र धाडिले आणि भावाच्या जागी आपणास पाठवावे, अशी विनंती केली. ती मान्य झाली. शेरपेनह्यूव्हेल येथील देवमातेच्या तीर्थस्थानी त्यांनी आईचा निरोप घेतला. त्यानंतर ती मायलेकरे या जगात पुन्हा भेटली नाहीत. १८६३ च्या हिवाळ्याच्या तोंडी जर्मनीच्या किनाऱ्यावरून जहाज सुटले व १९ मार्च १८६४ रोजी, संत जोसेफाच्या सणाच्या दिवशी, होनोलुलूस लागले. २१ मे १८६४ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

पुढील नऊ वर्षे त्यांनी हवाई या मोठ्या बेटावर काढिली. प्रथम पुना व मग कोहाला असे अफाट पसरलेले मुलूख त्यांच्याकडे होते. घोड्यावरून हिंडावे, लोकांची भाषा शिकावी, करवत व हातोडा घेऊन स्वतः मंदिरे बांधावी, असा त्यांचा क्रम असे. सुताराच्या कामाची त्यांस मनापासून आवड होती. याच काळात आपल्या डोळ्यांदेखत आपले गावकरी एकामागून एक मोलोकाईस नेले जात आहेत, हे ते पाहत होते.

१८७३ च्या मे महिन्यात माउई बेटावर वायलुकू येथे एका नव्या मंदिराचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी बिशप मेग्रे यांनी जमलेल्या धर्मगुरूंजवळ कलावाओच्या रोग्यांविषयी आपले दुःख बोलून दाखविले. तेथे धर्मगुरू हवा, परंतु आज्ञा म्हणून कोणास तेथे धाडण्याचे आपल्या मनास होत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. चार तरुण धर्मगुरू पुढे झाले. प्रत्येकाने पाळीपाळीने काही काळ जावे, असे ठरले व पहिली पाळी दामियन यांस मिळाली. १० मे १८७३ रोजी आगबोटीतून बिशपांसह व पन्नासेक नव्या रोग्यांसह ते कलाउपापाच्या किनाऱ्यावर उतरले. वय तेहेतीस. सामान म्हणावे असे जवळ काही नव्हते. त्या वेळी वस्तीत सहाशेंहून अधिक रोगी होते. थोड्याच दिवसांत त्यांनी आपणास येथेच कायमचे राहू द्यावे, असे वरिष्ठांस कळविले, आणि पाळीचा विचार मागे पडला.

राहावयास घर नव्हते. मंदिराशेजारी एक झाड होते, आपल्या कोकण किनाऱ्यावर केवडा वाढतो त्याच जातीचे. त्याच्या खाली पहिले काही आठवडे ते निजले. एका खडकावर जेवण ठेवीत. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी केवड्याचे बन पाहिले आहे त्यांस ती काटेरी सावली किती सुखाची असेल हे सांगावयास नको! तरीही रोग्यांच्या झोपडीत शिरण्यापेक्षा झाडाखालची हवा बरी, असे त्यांस प्रारंभी वाटले असल्यास नवल नाही. त्या झोपड्यांतील दुर्गंधी सहन न होऊन कुमसार ऐकताना त्यांस बाहेर धाव घ्यावी लागे, हे त्यांनी स्वतः कबूल केले आहे. हा वास घालविण्यासाठी ते तंबाखूची चिलीम ओढू लागले. पुढे तीच चिलीम रोग्यांच्या हातात फिरू लागली, आणि पोई नावाचे तेथील कंदाचे पिठले रोग्यांच्याच भांड्यात बोटे बुडवून ते खाऊ लागले. हवाईयन माणसाच्या घरी जाऊन त्याच्याबरोबर न जेवणे म्हणजे त्याचा अपमान. आरोग्य खात्याच्या नियमांपेक्षा हा रिवाज त्यांनी मोठा मानिला. ते शहाणपणाचे होते की नव्हते, यावर वैद्य लोक खुशाल वाद घालोत. रोग्यांना मात्र त्यातून एवढे कळले की, हा मनुष्य आपल्यास विटाळ मानीत नाही.

आता ज्या एका प्रसंगाकडे आमचे मन पुन्हा पुन्हा जाते तो सांगतो. दामियन तेथे गेल्यावर थोड्याच काळात होनोलुलूच्या आरोग्य मंडळाने असा हुकूम काढिला की, वस्तीत गेलेल्या कोणीही, धर्मगुरूनेसुद्धा, बाहेर येऊ नये. म्हणजे स्वेच्छेने आलेला मनुष्य आता कायद्यानेही हद्दपार झाला. आजाराची भीती त्यांस नव्हती. एकटेपणही ते सोशीत होते. परंतु दुसऱ्या धर्मगुरूची भेट नाही म्हणजे पापनिवेदन नाही, ही गोष्ट त्यांस असह्य झाली. रोज शेकडोंचे कुमसार ऐकणाऱ्या या माणसाचे कुमसार ऐकणारा कोणी नव्हता. एकदा त्यांच्या संघाचे तेथील वरिष्ठ फादर मोदेस्त आगबोटीने त्यांस भेटावयास आले. कप्तानाने त्यांस किनाऱ्यावर उतरू दिले नाही. दामियन होडीतून आगबोटीपाशी गेले, तर त्यांसही वर चढण्याची मनाई झाली. तेव्हा हलत्या होडीत उभे राहून त्यांनी आपली पापे मोठ्याने सांगितली, कठड्यावर वाकलेल्या फादर मोदेस्तांनी ती ऐकिली व वरूनच मुक्तीचा क्रूस काढिला. उतारू व खलाशी ऐकत होते की नव्हते, याची पर्वा त्यांनी केली नाही. आपल्या मंदिरात पडद्याआड दोन मिनिटे गुडघे टेकावयाचेही ज्यांच्या जिवावर येते, त्यांनी हा प्रसंग एकदा डोळ्यांसमोर आणावा.

पुढे तो हुकूम सैल झाला. ते कधी कधी कडा चढून बेटाच्या इतर भागांतील ख्रिस्ती लोकांकडेही जाऊ लागले, आणि तेथेही त्यांनी मंदिरे बांधिली. परंतु अखेरच्या वर्षांत महिनोन्महिने दुसऱ्या धर्मगुरूचे तोंड दृष्टीस पडत नसे, हे दुःख संपले नाही.

त्यांच्या कामाची यादी करू गेल्यास ती फार लांबेल; शिवाय ते सर्व काम त्यांनी एकट्याने केले असेही नाही. ज्यांच्या अंगात अजून बळ होते असे रोगी त्यांच्या जोडीस असत. त्यांनी डोंगराच्या खोऱ्यातील झऱ्याचे पाणी नळ टाकून वस्तीत आणिले. तोवर दुखऱ्या पायांनी दूरवरून पाणी वाहून आणावे लागे. १८७४ साली वादळाने झोपड्या उडाल्या, तेव्हा सरकारकडून लाकूड मिळवून जमिनीपासून उंच उचललेली कोरडी घरे उभारिली. पोरक्या मुलांसाठी व मुलींसाठी निरनिराळी वसतिगृहे काढिली. व्रण धुणे व पट्ट्या बांधणे हे तर रोजचेच होते. डॉक्टर तेथे कायम राहू लागला तो पुष्कळ पुढे.

मृतांची व्यवस्था हे त्यांनी सर्वांत आधी हाती घेतलेल्या कामांपैकी एक. पूर्वी प्रेत घोंगडीत गुंडाळून उथळ खड्ड्यात पुरीत. दामियन यांनी स्वतः फळ्या कापून पेट्या बनविल्या, खड्डे खोल खणिले, दफनभूमीस कुंपण घातले. आठवड्यात कित्येकदा दफन असे. त्यांनी मृतांसाठी एक मंडळ स्थापिले व त्याच्या लोकांनी वाद्ये वाजवीत, निशाणे धरून प्रेतयात्रेत चालावे, असा प्रघात पाडला. बोटे अर्धी राहिलेले वादक व घसा बसलेले गायक यांचा तो बँड ऐकून बाहेरून येणारे पाहुणे थक्क होत. जिवंतपणी ज्यांस समाजाने टाकिले त्यांची अंत्ययात्रा तरी थाटाची व्हावी, असा त्यांचा हेतू असावा.

संत फिलोमिनेचे मंदिर त्यांनी वाढवून मोठे केले. त्या मंदिराच्या फरशीच्या फळ्यांना बसण्याच्या जागांजवळ चौकोनी भोके पाडलेली आहेत. रोग्यांच्या तोंडून लाळ व थुंकी सारखी गळे, आणि त्या लाजेने ते मिस्सेला येण्याचे टाळीत. त्यांनी संकोच न करता यावे म्हणून ही योजना. मोठमोठ्या मंदिरांतील संगमरवराची वर्णने आम्ही पुष्कळ वाचिली आहेत, परंतु या भोकांइतकी विचारपूर्वक केलेली मंदिररचना क्वचितच वाचनात आली. पवित्र साक्रामेंताची अखंड आराधनाही तेथे सुरू झाली. जे चालू शकत नसत ते ठरल्या वेळी आपल्या बिछान्यावरच प्रार्थना करीत.

फादर दामियन यांच्याबरोबर राहणे सोपे मात्र नव्हते. ते तापट होते, हट्टी होते. लाकूड, औषधे, कपडे यांसाठी सरकारकडे त्यांचा सारखा तगादा असे. त्यांच्या साह्यास आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे जमले नाही. बिशप कोकेमान व संघाचे वरिष्ठ फादर लेओनोर यांस ते वरचढ व नावलौकिकाचे भुकेले वाटू लागले. लंडनचे एक अँग्लिकन धर्मोपदेशक ह्यू चॅपमन यांनी १८८६ साली वर्गणी जमवून सुमारे हजार पौंड त्यांच्याकडे धाडिले, तेव्हा तर वरिष्ठांचा रोष अधिकच वाढला. आपल्याच घरच्या माणसांचा हा अविश्वास त्यांस रोगापेक्षा अधिक झोंबला, असे त्यांच्या पत्रांवरून दिसते. चरित्रकार हा भाग झाकून नेतात. आम्हास तो झाकावासा वाटत नाही. त्यांनी दुखऱ्या मनानेही आज्ञापालन सोडिले नाही व काम एक दिवसही थांबविले नाही, हे त्यामुळेच दिसून येते.

१८८४ च्या अखेरीस एके दिवशी त्यांनी पाय धुण्यासाठी ठेविलेल्या पाण्यात पाऊल बुडविले. पाणी उकळते होते. कातडी सोलून निघाली, पण त्यांस कळ आली नाही. त्याचा अर्थ त्यांनी ओळखिला. पुढील वर्षी डॉक्टरांनीही निदान पक्के केले. प्रवचनात ते पहिल्यापासूनच आपणास रोग्यांच्यात धरून बोलत. आता त्या बोलण्यात काही अलंकार उरला नाही. बेल्जममध्ये ही बातमी पोहोचली. १८८६ साली त्यांची वृद्ध आई वारली.

त्याच वर्षी मदतीचे हातही येऊ लागले. जोसेफ डटन नावाचा अमेरिकन गृहस्थ, अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेला जुना सैनिक, जुलैमध्ये येऊन दाखल झाला व पुढे चाळीसांहून अधिक वर्षे तेथेच राबला. १८८८ साली बेल्जमचे फादर कोनरार्डी आले. नोव्हेंबरात मदर मेरियन कोप आपल्या फ्रान्सिस्कन भगिनींसह कलाउपापास आल्या. भगिनी पाठवा म्हणून दामियन यांनी वर्षानुवर्षे विनविले होते. आपल्या मुलांचे आपल्यामागे काय होईल, या चिंतेतून ते मोकळे झाले.

आणखी एक पाहुणा आला, आणि तो आपल्या हिंदुस्थानाकडून. एडवर्ड क्लिफर्ड हा इंग्रज चित्रकार, धर्माने अँग्लिकन. तो काश्मीरकडे प्रवास करून मग हवाई बेटांस गेला, आणि जाताना त्याने गर्जन झाडाचे तेल बरोबर नेले. या तेलाची कथा मोठी चमत्कारिक आहे. अंदमानात, जेथे आपल्या देशातील जन्मठेपेच्या कैद्यांस काळ्या पाण्यावर धाडीत आणि जेथे पुढे १९११ साली विनायक दामोदर सावरकर यांसही नेण्यात आले, त्या पोर्ट ब्लेअर येथे डॉक्टर डुगल यांनी १८७० नंतरच्या दशकात महारोगी कैद्यांवर या तेलाचा प्रयोग केला होता व त्यांस गुण येतो, असे प्रसिद्ध केले होते. तेथून त्या तेलाची कीर्ती पसरली. अशा रीतीने एका हद्दपारीच्या बेटावरचे औषध दुसऱ्या हद्दपारीच्या बेटावर पोहोचले. दामियन यांस त्याने थोडे बरे वाटले, परंतु रोग बरा करण्याचे सामर्थ्य त्या तेलात नव्हते. क्लिफर्डने डिसेंबर १८८८ मध्ये त्यांचे चित्र काढिले. ते पाहून, आपला चेहरा एवढा बिघडला असेल याची आपणास कल्पना नव्हती, असे ते सहज म्हणून गेले.

१५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी देह ठेविला. ज्या झाडाखाली ते प्रथम निजले होते त्याच झाडाखाली त्यांस पुरण्यात आले.

मरणानंतरही त्यांची निंदा थांबली नाही. होनोलुलूचे एक प्रॉटेस्टंट पाळक डॉक्टर हाइड यांनी त्यांस घाणेरडे, हट्टी व दुर्वर्तनी ठरविणारे पत्र लिहिले व ते छापले गेले. सुप्रसिद्ध इंग्रजी कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हनसन हे दामियन यांच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांत कलाउपापास जाऊन आले होते. ते कॅथलिक नव्हते. १८९० साली त्यांनी हाइड यांस जाहीर पत्रातून असे उत्तर दिले की, हाइड हे नाव आता लोकांस केवळ त्या उत्तरामुळेच ठाऊक आहे.

लंडनमध्ये दामियन यांच्या स्मरणार्थ निधी उभारण्यात आला, व त्या निधीतून १८९०-९१ साली महारोगाच्या चौकशीसाठी एक आयोग आपल्या देशात आला. रोग्यांस सक्तीने हद्दपार करणे योग्य नाही, असे त्या आयोगाचे मत पडले. तरीही १८९८ साली निराधार महारोग्यांस पकडून ठेवण्याचा कायदा येथे झालाच. तो रद्द व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले. याच धामधुमीच्या काळात, १८९० मध्ये, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनी माटुंग्यास बेघर महारोग्यांसाठी आश्रम काढिला. मराठी पोवाडे जमवून शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह छापणारे ॲक्वर्थसाहेब ते हेच.

आणि विज्ञान? दामियन मोलोकाईस उतरले त्याच १८७३ साली नॉर्वे देशात हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढिला होता. कलाउपापास खरे औषध पोहोचले ते १९४६ साली. आता असे ठरले आहे की, बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूस तोंड देण्याची शक्ती उपजतच असते आणि औषधाने हा रोग पूर्ण बरा होतो. सक्तीने अलग ठेवण्याचा हवाईचा नियम १९६९ साली उठला. तोवर सुमारे आठ हजार माणसे त्या किनाऱ्यावर धाडण्यात आली होती. सुटका झाल्यावर कित्येकांनी तेथेच राहणे पसंत केले. बाहेर त्यांचे कोणी उरले नव्हते.

थोरले बंधू फादर पांफिल, ज्यांच्या जागी दामियन गेले, ते अखेर १८९५ साली म्हातारपणी स्वतः कलावाओस आले. परंतु ते ग्रंथांत रमणारे विद्वान गृहस्थ. ते जीवन त्यांस झेपले नाही व दोन वर्षांनी ते मायदेशी परतले. त्याबद्दल त्यांस कोणी बोल लावू नये.

१९३६ साली बेल्जमच्या राजाच्या विनंतीवरून दामियन यांचा देह उकरून मायदेशी नेण्यात आला. अँटवर्पच्या धक्क्यावर स्वतः राजा सामोरा गेला. कलावाओच्या रोग्यांस मात्र आपले धर्मगुरू नेले जात आहेत याचे फार दुःख झाले. त्यांनी विरोध केला, पण त्यांचे कोणी ऐकिले नाही. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ब्रुसेल्स येथे त्यांस धन्य घोषित केले, व ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी संतपद दिले. त्यांचा सण १० मे रोजी, म्हणजे ते किनाऱ्यावर उतरले त्या दिवशी, पाळितात. मदर मेरियन यांसही २०१२ साली संतपद लाभले. धन्य घोषित झाल्यानंतर १९९५ च्या जुलैमध्ये दामियन यांचा उजवा हात लुव्हेनहून परत पाठविण्यात आला. कलावाओच्या मंदिराशेजारी, त्यांच्या जुन्या रिकाम्या थडग्यात, वस्तीतील लोकांनी तो पुरिला.